टेबलाखालचं बाळ

आमच्या बाईंना आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वर्गाच्या फरशीवर उताण्या पडून टाचा आपटत होत्या.

बाई म्हणजे आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागाच्या प्रमुख. वय साठीला टेकलेलं, अंगाने भरलेल्या, केस पिकलेले, नाकावर जाड काचांचा चष्मा. एरवी त्या कॉरिडॉरमधून निघाल्या की निवासी डॉक्टर भिंतीला चिकटून उभे राहत. पण आठवड्यातून एकदा, प्रात्यक्षिकाच्या तासाला, त्या केसांच्या दोन शेंड्या बांधायच्या, चष्मा काढून खिशात ठेवायच्या आणि अडीच वर्षांच्या व्हायच्या. मग आम्ही एकेकाने पुढे जाऊन त्या बाळाचा घसा बघायचा, कान बघायचे, पोट तपासायचं आणि छाती ऐकायची. बाळ अर्थातच काहीही करू द्यायचं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आमच्या आधीच्या एका तुकडीला त्या वॉर्डात घेऊन गेल्या होत्या. मुलं हुशार, पुस्तकं तोंडपाठ. त्यातल्या एकाने तीन वर्षांच्या पोराला अदबीने विचारलं, "तुला श्वास घेताना छातीत आकुंचन जाणवतं का?" पोराने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणालं, "तुझ्या नाकात केस आहेत." झालं, तपासणी तिथेच संपली. शेजारच्या खाटेवरच्या पोराची प्लीहा वाढलेली होती, म्हणून एकेक करून अख्ख्या तुकडीने त्याचं पोट दाबलं. दुपारपर्यंत त्याची अशी गत झाली, की पांढरे कपडे दिसले की तो आपणहून सदरा वर करून पोट पुढे करायचा. दूधवाल्यासमोरसुद्धा. दूधवाला बिचारा गोंधळून त्याला नमस्कार करून गेला.

ते पाहून बाईंना भडभडून आलं. आजारी लेकरांवर शिकाऊ हात चालवायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. महाविद्यालयाकडे एक रबरी बाहुली होती खरी, पण ती फारच गुणी होती. रडायची नाही, चावायची नाही, तोंड उघडं ते उघडंच. "हिच्यावर शिकलेला डॉक्टर खऱ्या पोरापुढे टिकेल का?" बाई म्हणाल्या. मग बाळ कोण होणार? दुसरं कोणी तयार नव्हतं. म्हणून बाई झाल्या.

पण त्या झाल्या त्या नीट अभ्यास करून. त्यांची नात तेव्हा अडीच वर्षांची होती. बाई तिच्या मागे मागे रांगायच्या, ती करेल ते करायच्या. काकांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, चष्म्याचं दुकान होतं. एक दिवस ते दुकान बंद करून घरी आले तर स्वयंपाकघरात आजी आणि नात शेजारीशेजारी पालथ्या पडून हंबरडा फोडत होत्या.

"काय झालं?" काकांनी घाबरून विचारलं.

"केळं मोडलं," नात हुंदके देत म्हणाली.

"मग?"

"जोडून दे!" बाई ओरडल्या.

काका शांत माणूस. त्यांनी फडताळातून दुसरं, अखंड केळं काढून दोघींपुढे धरलं. त्यावर दोघींनी एकसुरात अशी किंकाळी फोडली की शेजारचे दार वाजवायला आले. त्यांना ते दुसरं केळं नको होतं. हेच हवं होतं, पण न मोडलेलं. काकांनी हात टेकले आणि दोन्ही केळी स्वतः खाल्ली. ही गोष्ट काका आम्हाला सांगायचे तेव्हा बाई शेजारी बसून मान डोलवायच्या. "तोंडात टाकलं ते मात्र चुकलंच तुमचं," एवढंच म्हणायच्या.

प्रात्यक्षिकात बाळाला आई लागते. ती मोठ्या सिस्टर व्हायच्या. सिस्टर उंच, खणखणीत, जन्मभर अविवाहित. पण आईच्या भूमिकेत त्या अशा काही रंगल्या की त्यांनी स्वतःसाठी एक सासू तयार केली. "हात नका लावू हो डॉक्टर, आमच्या सासूबाई मला घरात घेणार नाहीत," असं त्या पदर डोळ्यांना लावून म्हणायच्या. हळूहळू ती सासू चहाच्या सुट्टीतही यायला लागली. "काल काय म्हणाल्या माहितीये?" असं सिस्टर सुरू करायच्या, आणि आम्हीही "काय म्हणाल्या?" असं विचारून मोकळे व्हायचो. एकदा नव्या परिचारिकेने त्या सासूबाईंच्या गुडघ्यासाठी तेल आणून दिलं. सिस्टरनी ते ठेवून घेतलं.

नियम एकच होता. चष्मा उतरला की बाई तिथे नाहीत. समोरच्या विद्यार्थ्याची तपासणी संपेपर्यंत, आभाळ कोसळलं तरी, बाळ ते बाळच.

आमच्या एका मैत्रिणीने चॉकलेट दाखवलं. बाळाने चॉकलेट घेतलं, खाल्लं आणि तोंड मिटून घेतलं. दुसऱ्याने "अजिबात दुखणार नाही हं" असं सांगून कानात उजेड टाकला. बाळ त्याच्या मनगटाला चावलं, आणि तास संपल्यावर बाईंनी चष्मा लावून शांतपणे सांगितलं, "खोटं बोललास म्हणून." मी गाणं म्हणून पाहिलं. माझा आवाज ऐकून बाळाने दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले, त्यामुळे कान तपासता आले नाहीत. घसा मात्र दिसला, कारण बाळ तोंड पसरून रडत होतं. अर्धे गुण मिळाले.

आता आमच्या ग्रंथाविषयी सांगायला हवं. ग्रंथ हे त्याचं आम्ही ठेवलेलं नाव. मुलाला पुस्तकाची पानं न् पानं पाठ. कुठल्या तापात पुरळ कधी येतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. पण अंगाने ताडमाड, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि हसायला गेला की चेहरा आणखी गंभीर व्हायचा. पहिल्याच दिवशी तो बाळापुढे जाऊन ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार. मी आता तुझ्या यकृताचा आकार पाहणार आहे."

बाळाने जे भोकाड पसरलं, ते ऐकून समोरच्या इमारतीतल्या नेत्र विभागाने शिपाई पाठवला.

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळी बाळाने त्याचा स्टेथोस्कोप खिडकीतून बाहेर फेकला. ग्रंथ खाली जाऊन तो झुडपातून काढून आला आणि पायरीवर बसून राहिला. मी शेजारी बसलो.

"मुलं मला घाबरतात रे," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हाही मुलं मला घाबरायची."

मी त्याला चहा पाजला.

अंतिम परीक्षा आली, आणि नेमकी त्याच दिवशी महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार असं कळलं. डीन साहेबांची पाचावर धारण बसली. गोल गरगरीत, घाबरट, पण मनाने लोण्यासारखे गृहस्थ. त्यांनी भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, बंद पडलेलं घड्याळ उतरवलं. मग बाईंकडे आले.

"बाई, उद्या साधं व्याख्यान ठेवा ना. पडद्यावर चित्रं दाखवा."

"उद्या मुलांची परीक्षा आहे."

"मग निदान लोळू तरी नका हो."

"मी कुठे लोळते?" बाई म्हणाल्या. "बाळ लोळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथाची पाळी आली. तो दारातून आत आला मात्र, बाळ टेबलाखाली शिरलं. टेबल भक्कम लाकडी, मागे भिंत. बाळाने टेबलाचा एक पाय मिठीत धरला आणि "नाही, नाही, नाही" असा घोष लावला. सिस्टर म्हणाल्या, "सासूबाई बघतायत हो बाहेरून." तेवढ्यात दार उघडलं आणि डीन साहेब समितीला घेऊन आत आले.

समितीचे अध्यक्ष म्हणजे नावाजलेले शल्यचिकित्सक. पांढऱ्या भुवया, कडक इस्त्री, हसण्याशी काही संबंध नाही. सोबत दोन सदस्य.

"आणि हा आमचा बालरोग विभाग," डीन म्हणाले. "विभागप्रमुख..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग ती हळूहळू खाली गेली. टेबलाखालून दोन शेंड्या आणि दोन पाय दिसत होते.

"बाई," डीन साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "समिती आलीये. बाहेर या."

"नाही!"

"बाई, हे अध्यक्ष आहेत."

"भुवया!" बाळ अध्यक्षांकडे बोट दाखवून किंचाळलं. "भुवया नको!"

डीन साहेबांचा चेहरा नव्या रंगवलेल्या भिंतीसारखा पांढरा पडला. आम्ही सगळे खाली बघत होतो, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर फुटलो असतो. अध्यक्षांनी घसा खाकरला. "हे काय चाललंय?"

"परीक्षा, सर," ग्रंथ त्याच्या विहिरीतल्या आवाजात म्हणाला. "माझी."

आणि मग त्याने जे केलं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो टेबलापासून हातभर लांब, बाळाकडे पाठ करून, फरशीवर बसला. बसल्यावर त्याची उंची निम्मी झाली. त्याने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि दुसरं टोक टेबलाच्या पायावर ठेवलं. बराच वेळ ऐकत राहिला.

"टेबलाला खोकला झालाय," तो स्वतःशीच म्हणाला.

टेबलाखालचं "नाही, नाही" थांबलं.

मग त्याने हात वर करून स्टेथोस्कोप डीन साहेबांच्या पोटावर टेकवला. समितीच्या धावपळीत डीन साहेबांचं दुपारचं जेवण राहिलं होतं. पोटातून असा काही आवाज आला की तो स्टेथोस्कोप न लावताही आम्हाला ऐकू आला.

"इथे बेडूक आहे," ग्रंथ म्हणाला. "मोठा आहे. दोन असतील."

टेबलाखालून खुदकन आवाज आला. मग एक हात बाहेर आला. ग्रंथाने वळून न बघता स्टेथोस्कोप त्या हातात दिला. बाळ रांगत बाहेर आलं, डीन साहेबांच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून बसलं आणि म्हणालं, "झोपव."

"काय?" डीन साहेब.

"बेडकाला झोपव."

डीन साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग कोट सावरत ते फरशीवर आडवे झाले. बाळाने त्यांचं पोट थोपटलं. ग्रंथ शेजारी बसून म्हणाला, "आता बेडूक तुझ्याकडे आलाय का बघू?" बाळाने फ्रॉक असल्यासारखा ऍप्रन वर केला. त्याने पोट तपासलं. कान तपासले, आधी सिस्टरचे, मग बाळाचे. घशापाशी बाळ अडलं. ओठ गच्च.

"आधी भुवया," बाळ म्हणालं.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मान्यता देणारा माणूस तो. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, पण दारात त्यांचेच दोन सदस्य उभे होते. मग ते कमरेत वाकले आणि त्यांनी आ केला. ग्रंथाने आत उजेड टाकला.

"यांचे दात निघतात," तो गंभीरपणे म्हणाला.

"काढ!" बाळ आनंदाने टाळ्या पिटत म्हणालं.

आणि अध्यक्षांनी, आम्ही सगळे शपथेवर सांगू, वरची कवळी काढून दाखवली. बाळ इतकं थक्क झालं की त्याचा आ आपोआप वासला, आणि ग्रंथाने घसा पाहून घेतला.

शेवटी राहिली छाती. ग्रंथाने पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्याचा चेहरा बदलला. पुन्हा लावला. उजव्या बाजूला खाली, बराच वेळ ऐकलं.

"मोठा श्वास घे," तो म्हणाला. "अजून एकदा."

कवळी पुन्हा बसवून अध्यक्षही पुढे आले, त्यांनी स्वतः ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! न्यूमोनियाची करकर! छातीतला आवाजसुद्धा किती हुबेहूब काढलाय!"

"सर," ग्रंथ म्हणाला, "तो खरा आहे."

सिस्टर आईच्या भूमिकेतून ताडकन बाहेर आल्या. "आठवडाभर खोकतायत त्या. विचारलं की म्हणतात खडूची पूड."

बाईंनी खिशातून चष्मा काढून लावला. "परीक्षा संपली का तुझी?"

"हो, बाई."

"पास," त्या म्हणाल्या. मग अध्यक्षांना नमस्कार केला, "बालरोग विभागात आपलं स्वागत," आणि त्यांना अशी खोकल्याची उबळ आली की डीन साहेबांनी फरशीवरून उठून त्यांना खुर्ची दिली.

एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. मोठ्यांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून बाईंना त्यांच्याच विभागात, मुलांच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत ठेवलं. आणि मग आम्हाला कळलं, की बाई अडीच वर्षांच्या असतात तेव्हाच जरा समजूतदार असतात. खऱ्या आजारात त्यांनी उच्छाद मांडला. गोळ्या उशीखाली लपवल्या. स्वतःचा एक्स-रे मागवून घेतला आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे असा निकाल दिला. काकांनी वाटीत पेज आणली तर तोंड भिंतीकडे केलं.

"असं काय करतेस?" काका म्हणाले.

"मी डॉक्टर आहे. मला भूक किती आहे ते मला कळतं."

"बाई, चष्मा डोळ्यावर आहे तुमच्या," सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "चष्मा असताना हे चालणार नाही."

शेजारच्या वॉर्डात दम्यासाठी दाखल झालेली पाच वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. आजारपणात मुरलेली होती ती. संध्याकाळी ग्रंथ इंजेक्शन घेऊन आला तेव्हा चिमणी तिची उशी काखेत मारून बाईंच्या खोलीत आली आणि खाटेवर चढून बसली.

"पहिल्यांदा आहे का?" तिने विचारलं.

"मी हजारो मुलांना दिलीत," बाई म्हणाल्या.

"ते नाही. तुला."

चिमणीने त्यांचा हात हातात घेतला. "हे बघ, रडलं तरी चालतं. हात नाही हलवायचा. आणि ते म्हणतील दुखणार नाही, ते खोटं असतं."

बाईंनी ग्रंथाकडे पाहिलं.

"दुखेल," ग्रंथ म्हणाला. "मुंगी चावल्यापेक्षा जास्त. पण तुम्ही दहापर्यंत मोजायच्या आत संपेल."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि सुई टोचताच त्यांनी अशी काही बोंब ठोकली की वॉर्डातली झोपलेली सगळी मुलं उठून रडायला लागली. चिमणीने शांतपणे त्यांच्या पाठीवर थोपटलं. "छान रडलीस," ती म्हणाली. "पण हात हलवलास."

बाई बऱ्या झाल्या. मान्यताही मिळाली. अध्यक्ष जाताना डीन साहेबांना म्हणे विचारत होते, की शस्त्रक्रिया विभागातही असं काही सुरू करता येईल का. डीन साहेब त्यावर अजून विचारच करतायत. मात्र त्या दिवसापासून त्यांना स्वतःलाच चटक लागली. ते दर आठवड्याला प्रात्यक्षिकाला येऊन बाळाचे आजोबा व्हायला लागले. एका कोपऱ्यात बसून, डॉक्टरने काहीही सांगितलं की म्हणायचे, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." सिस्टरशी, म्हणजे सुनेशी, त्यांची जी जुंपायची ती ऐकायला इतर विभागांतून लोक यायचे. तास संपला तरी ते भांडण संपायचं नाही. बाई चष्मा लावून, शेंड्या सोडून, दोघांना खोलीबाहेर काढायच्या.

ग्रंथाने पुढे बालरोगच घेतलं आणि एका लहानशा गावात दवाखाना थाटला. पहिल्याच आठवड्यात त्याने बाईंना फोन केला. मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. मागून एक पोरगं खिदळत होतं.

"बाई, मुलाने नाकपुडीत वाटाणा घातलाय. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मोकळी नाकपुडी दाबून आईला त्याच्या तोंडात फुंकर मारायला सांगितलं. तीन वेळा मारली. वाटाणा हलत नाही."

"दुसरी नाकपुडी मोकळी आहे का ते बघितलंस?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोरगं मात्र हसतच होतं.

"बाई, तिथे बटण आहे."

"कोणाचं?"

पलीकडे कापडाची सळसळ झाली.

"माझंच," ग्रंथ म्हणाला. "ऍप्रनचं. मी छाती ऐकत होतो तेव्हा तोडलं असणार."

बाई इतक्या हसल्या की चहा काकांच्या वर्तमानपत्रावर सांडला. "मग तो तुला अजिबात घाबरत नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता चिमटा घे, उजेड धर, आणि आधी बटण काढ."